अनोळखी माणसांशी नेमकं बोलायचं काय? दोन वाक्यांपुढे गाडी सरकतच नाही

मुखदुर्बळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

प्रॉब्लेम असाय की मला अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसांशी गप्पाच मारता येत नाहीत. कामाचं बोलता येतं हां. प्रेझेंटेशन देतो, भरलेल्या हॉलसमोर देतो, लोकांच्या आडव्यातिडव्या प्रश्नांना उत्तरं देतो, तिथे काही होत नाही कारण तिथे काय बोलायचं ते ठरलेलं असतं. पण तेच प्रेझेंटेशन संपून ब्रेक झाला आणि कोणी शेजारी येऊन "मग, काय म्हणताय?" म्हणालं की संपलं. छातीत धडधड, कान गरम, डोकं एकदम रिकामं. मी म्हणतो "बस, मजेत, तुम्ही?", तो म्हणतो "मजेत", आणि पुढे जी शांतता पसरते त्यात मला वाटतं की आता या माणसाला कळलं, याच्यात काहीतरी गडबड आहे.

लिफ्टचं तर विचारूच नका. दुसऱ्या टीममधलं कोणी लिफ्टपाशी उभं दिसलं की मी बुटाची लेस बांधायला खाली वाकतो. मध्ये एकदा वाकल्यावर लक्षात आलं की आज लेसवाले बूटच घातलेले नाहीत. नाहीतर मग फोन काढतो आणि नुसती होम स्क्रीन इकडून तिकडे सरकवत बसतो, उघडत काहीच नाही.

कुठे जायचं असेल तर आधी मनात वाक्यं पाठ करून जातो, आणि तिथे ती वाक्यं वापरायची वेळच येत नाही कारण समोरचा भलतंच काहीतरी बोलतो. आणि रात्री आडवं झालं की सगळा पंचनामा, मी असं का म्हणालो, तो हसला ते कशाला हसला, वगैरे वगैरे.

आता पुढच्या महिन्यात तीन दिवसांचं निवासी ट्रेनिंग आहे, ओळखीचं कुणीही नाही, जेवण एका टेबलावर, रूम शेअरिंग. आत्तापासून पोटात गोळा आलाय, आजारी पडल्याचा मेल पण ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलाय. कुणी यातून गेलंय का? "बिनधास्त बोल रे, कॉन्फिडन्स वाढव" हे सोडून काहीही सांगा, ते शाळेपासून ऐकतोय.

उगाचच

लेस नसलेले बूट, अरे देवा!! हसलो त्याबद्दल सॉरी पण मी स्वतः बंद पडलेल्या फोनवर बोललोय आणि तो मध्येच वाजला नाही हे नशीब.

एक विचारू का, तुम्हाला बोलायला सुचत नाही की सुचतं पण तोंडातून बाहेर पडत नाही? कारण मला वाटायचं मला सुचत नाही, पण तेच माझ्या भावंडांत बसलो की मी दोन दोन तास कुणाला बोलू देत नाही. म्हणजे माल आहे, दार बंद आहे.

मुखदुर्बळ

@उगाचच दुसरंच. सुचतं, पण सुचलेलं प्रत्येक वाक्य आधी तपासतो, हे मूर्खपणाचं वाटेल का, हे फार पर्सनल होईल का, आणि तपासून होईस्तोवर विषय तीन स्टेशनं पुढे गेलेला असतो.

तिरकी_रेघ

मग उत्तर तुम्ही स्वतःच दिलंत. मी यासाठी सीबीटी घेतलंय, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ असेल तर वाचा.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोघांनी १९९५ मध्ये सोशल अँक्झायटी, म्हणजे लोकांत वावरतानाची ही भीती, टिकून का राहते याचं एक मॉडेल मांडलं आणि आजची बरीचशी थेरपी त्यावरच चालते. त्यातला मला पटलेला भाग असा, की अशा वेळी आपलं सगळं लक्ष समोरच्यावरून उठतं आणि स्वतःवर येऊन बसतं. आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का, हात कुठे ठेवू. मग आतून जे जाणवतं त्यावरून आपण बाहेरून कसे दिसत असू याचं चित्र काढतो, कान गरम झाले म्हणजे टोमॅटो झालो असणार असं. समोरचा खरंच कसा बघतोय ते बघायला लक्ष शिल्लकच नसतं, त्यामुळे ते चित्र खोटं आहे हे कधी कळतच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच.

आणि दुसरा भाग म्हणजे तुमची लेस, तुमचा फोन, तुमची पाठ केलेली वाक्यं. याला ते सेफ्टी बिहेवियर म्हणतात, स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या युक्त्या. गंमत अशी की या युक्त्यांनीच घात होतो. हात थरथरतोय हे दिसू नये म्हणून मी ग्लास इतका घट्ट धरायची की बोटांची पेरं पांढरी पडायची, आणि स्नायू तेवढे आवळले की थरथर अजून वाढते, पाणी हिंदकळतं. हळू आवाजात बोललं की समोरचा वाकून "काय म्हणालात?" विचारतो, म्हणजे जे लक्ष टाळायचं होतं तेच ओढवून घेतलं. मनात पुढचं वाक्य तयार करत बसलो की समोरच्याचं ऐकू येत नाही आणि तो समजतो हिला इंटरेस्ट नाही, मग तोही आटोपतं घेतो. आणि एवढं करून सगळं नीट पार पडलं तरी श्रेय जातं युक्तीला, "फोन होता म्हणून वाचलो", म्हणजे भीती जागच्या जागी.

माझ्या थेरपिस्टने काय केलं, तर मला एका अनोळखी बाईंशी दोनदा गप्पा मारायला लावल्या. पहिल्यांदा सगळ्या युक्त्या वापरून आणि स्वतःवर पूर्ण लक्ष ठेवून, दुसऱ्यांदा युक्त्या सोडून आणि लक्ष त्या बाईंवर ठेवून, त्या काय बोलतायत, आवाज कसा आहे, कशाने हसतायत. दोन्हीचं व्हिडिओ शूटिंग. मला वाटलं होतं दुसऱ्यांदा माझी वाट लागणार. व्हिडिओ बघितला तर पहिल्यात मी तुटक आणि आखडू दिसत होते, दुसऱ्यात बऱ्यापैकी माणसात आल्यासारखी. थरथर शोधायला मला व्हिडिओ पॉज करावा लागला.

तुमच्या ट्रेनिंगला हेच करून बघा, पण एकदम सगळं नको. एका जेवणाला फोन रूमवर ठेवून जा, बास. आणि लक्ष आतमध्ये पळालं की ओरडायचं नाही स्वतःवर, परत समोर आणायचं, ते शंभरदा पळणार.

खडूस_आजोबा

अरे पण बाळा, एवढी मारामारी कशासाठी? नाही बोलायचं तर नको बोलू. "हवा छान आहे", "हो ना छान आहे", याच्यात कुणाचं काय भलं होतं? मी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, लिफ्टमध्ये कुणाशी एक अक्षर बोललो नाही, माझं काही अडलं नाही. लोक घुम्या म्हणायचे, म्हणोत. आजकाल शांत बसलं की लगेच आजार ठरवतात.

तिरकी_रेघ

आजोबा, तुमचं आणि यांचं वेगळं आहे. तुम्हाला बोलायचं नव्हतं म्हणून तुम्ही गप्प बसलात आणि रात्री शांत झोपलात. यांना बोलायचंय, आणि हे रात्री पंचनामा करतायत. तुम्ही कधी लिफ्ट टाळून जिन्याने गेलात का?

राहता राहिलं हवापाणी. मालिनोवस्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२३ मध्येच लिहून ठेवलंय की या असल्या बोलण्याचं काम माहिती देणं नाहीच मुळी, दोन माणसं एकत्र आहेत आणि एकमेकांवर चिडलेली नाहीत एवढं कळवणं हे काम. म्हणजे त्यात हुशारी दाखवायची अपेक्षा कुणाचीच नसते. मुखदुर्बळ, तुम्ही वाक्यं तपासता ना, या वाक्यांना तपासणी लागतच नाही हो!

खडूस_आजोबा

जिन्याने गेलो नाही. बरं. चालू द्या.

मधली_सीट

माझं पोट बोलण्यावर आहे, दिवसभर अनोळखी लोकांच्या दारात उभं राहून सर्व्हेचे फॉर्म भरून घेते, तर थिअरी वर आलीच आहे, मी फक्त "काय बोलायचं" यावर लिहिते.

पहिलं म्हणजे विषय शोधायला डोक्यात जाऊ नका, समोर बघा. दोघांनाही दिसतंय, ऐकू येतंय, सोसावं लागतंय असं काहीही चालतं. सेशन लांबलं, एसी फार गार आहे, खुर्च्या कडक आहेत. साधंच हवं. पहिलं वाक्य हुशार असलं की समोरच्यालाही हुशार उत्तर द्यायचं टेन्शन येतं आणि तो गप्प होतो, हे मी रोज बघते.

दुसरं, "मजेत" हे उत्तर देऊ नका. म्हणजे द्या, पण त्याला काहीतरी जोडा. "मजेत, पण सकाळच्या सेशनमधला शेवटचा भाग डोक्यावरून गेला." आता समोरच्याच्या हातात धरायला काहीतरी आलं. नुसतं "मजेत" म्हटलं की तुम्हीच दार लावून घेता आणि वर म्हणता शांतता पसरली.

तिसरं सगळ्यात कामाचं. नवा प्रश्न विचारायच्या ऐवजी त्याने आत्ता जे सांगितलं त्याच्यातलंच काहीतरी विचारा. हे असं होतं बघा:

"तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला?"
"अकाउंट्सला."
"अच्छा. आणि राहायला?"

ही चौकशी झाली, पोलिसातली. त्यापेक्षा:

"अकाउंट्सला."
"मग वर्षअखेर म्हणजे तुमची झोप उडत असेल."
"अहो विचारू नका, या वर्षी तर..."

आणि सुटला तो. तुम्ही फक्त ऐका, तुम्हाला पुढचं वाक्य त्याच्या बोलण्यातच मिळतं. हार्वर्डमधल्या काही संशोधकांनी २०१७ मध्ये हेच तपासून बघितलं होतं, जी माणसं जास्त प्रश्न विचारतात, त्यातही आधीच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात, ती समोरच्याला जास्त आवडतात. स्पीड डेटिंगच्या डेटामध्येही असे प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचा होकार जास्त मिळालेला दिसला. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती पण कागदावर असलं की लोकांना पटतं.

मात्र तीन प्रश्न झाले की मध्ये स्वतःचं काहीतरी टाका, नाहीतर समोरच्याला वाटतं ही माहिती कशाला गोळा करतेय. (माझ्या बाबतीत खरंच गोळा करत असते, तो भाग वेगळा.)

नाव विसरलात तर सरळ परत विचारा. "नाव परत सांगता का, मघाशी नीट ऐकू आलं नाही." कुणी रागावत नाही, जेवढं उशिरा विचाराल तेवढं अवघड होत जातं, तिसऱ्या दिवशी विचारायची तर हिंमतच होत नाही.

उगाचच

+१ मधली_सीट, पोलिसातली चौकशी मी रोज करतो हे आज कळलं.

अवांतर, पण अल्बर्ट एलिस यांचा किस्सा इथे हवाच. आरईबीटी नावाची, अतार्किक समजुती तपासायला लावणारी थेरपी काढणारे एलिस. १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे, तर त्यांनी ठरवलं की महिनाभर रोज न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कुणीही स्त्री दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. १३० जणी दिसल्या, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एक भेटायला तयार झाली आणि ती पण ठरल्या वेळेला आलीच नाही. पण भीती गेली ती गेलीच, कारण शंभर वेळा नकार मिळूनही आभाळ कोसळलं नाही.

मधली_सीट

किस्सा माहितीये आणि तो सांगणारे कायम पुरुषच असतात. त्या बाकावर निवांत बसलेल्या १३० जणींना काय वाटलं ते कुणी विचारलंय का? मुखदुर्बळ, सराव करा पण जिथे बोलणं अपेक्षित असतं तिथे, रिसेप्शन, काउंटर, रांग, ट्रेनिंगचं टेबल. कानात हेडफोन घातलेल्या माणसाला सोडा.

उगाचच

मान्य. मुद्दा नकाराचा होता, पण मान्य.

मुखदुर्बळ

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. तिरकी_रेघ, ग्लासचं वाचून दचकलो, मी तेच करतो, मुठीत धरतो.

आज ऑफिसात लिफ्टपाशी एक बाई होत्या, मी फोन खिशातच ठेवला आणि "आज फारच वेळ लागतोय लिफ्टला" म्हणालो. त्या म्हणाल्या "हो ना, तिसऱ्या मजल्यावर कायम अडकते". मग मी काहीच बोललो नाही आणि लिफ्ट आली. आता यात पास की नापास ते माहीत नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. रात्रीच्या पंचनाम्याचं काय करू? आणि समजा गप्पा सुरू झाल्याच तर त्या संपवायच्या कशा, कारण खरं सांगायचं तर मी सुरूच करत नाही त्याचं अर्धं कारण हे आहे की बाहेर कसं पडायचं ते माहीत नाही.

गोळ्या_औषधं

मी या क्षेत्रात काम करतो, ऑनलाइन निदान करत नाही, पण धाग्यावर तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय म्हणून लिहितो. एकांत आवडणं हा स्वभाव. बुजरेपणा हाही स्वभावच, सुरुवातीला अडखळतो आणि मग माणूस रुळतो. सोशल अँक्झायटी डिसॉर्डर ही तिसरी गोष्ट. डीएसएम या निदानाच्या पुस्तिकेत ती सोशल फोबिया या नावाने १९८० मध्ये आली, आणि आताच्या निकषांत साधारण ६ महिने किंवा जास्त काळ टिकणारी भीती, प्रसंगाच्या मानाने ती फारच जास्त असणं, आणि मुख्य म्हणजे त्यामुळे नोकरी, शिक्षण, नाती यांचं नुकसान होणं हे बघतात. आजोबांचं काही अडलं नाही, म्हणजे प्रश्न नाही. तुम्ही मात्र आजारपणाचा मेल लिहून ठेवलाय. तो मेल पाठवला तर त्या क्षणी एवढं हलकं वाटेल की पुढच्या वेळी पाठवणं अजून सोपं होईल, टाळण्याची सवय अशीच लागते.

टाळणं वाढत चाललं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टला एकदा भेटा. उपाय आहेत. सीबीटीचा पुरावा सगळ्यात चांगला आहे, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी पहिला पर्याय म्हणून वैयक्तिक सीबीटीच सुचवलीय. एसएसआरआय गटातल्या, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवर देतात त्या गोळ्याही चालतात, त्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, त्या डॉक्टरच ठरवतील. धडधड थांबावी म्हणून मित्राकडून बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी, मागून घेणारे बरेच भेटतात, ते करू नका, दमा असेल तर महागात पडेल. आणि दोन पेग मारले की मोकळं बोलता येतं हा शोधही सगळ्यांना लागतो. वर लिहिलेल्या युक्त्यांमधली ती सगळ्यात वाईट.

तिरकी_रेघ

पास नापास कसलं! फोन खिशात होता ना. आणि हे जे विचारताय तेच रात्रीचं काम दिवसा चालू केलंत.

पंचनाम्यात पुरावा कुठला वापरता ते बघा एकदा. "मला असं वाटलं, मला तसं वाटलं" एवढाच असतो, समोरच्याचा जबाब घेतलेलाच नसतो. मी कागदावर दोन रकाने करायची, एकात मला काय वाटलं, दुसऱ्यात समोरच्याने प्रत्यक्षात काय केलं, म्हणजे बोलला, हसला, निघून गेला. दुसरा रकाना कायम अगदी साधा निघायचा. तुमच्या आजच्या दुसऱ्या रकान्यात काय येईल? बाईंनी तिसऱ्या मजल्याची तक्रार केली. संपला रकाना.

२०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, अनोळखी लोकांना गप्पा मारायला लावून नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं की समोरचा कसा वाटला आणि त्याला तुम्ही कसे वाटला असाल. बहुतेकांचा अंदाज होता की मी त्याला फारसा आवडलो नसेन, आणि प्रत्यक्षात समोरच्याचं मत त्यापेक्षा चांगलं होतं. हे सर्वसाधारण लोकांचं आहे, आपल्यासारख्यांचं नाही. जे लाजाळू होते त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. तसंच २००० सालचा तो टीशर्टचा प्रयोग, विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाचा फोटोवाला टीशर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या जणांनी तरी पाहिलं असणार, प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आलं होतं.

मधली_सीट

बाहेर पडण्याचं मी सांगते. आधी हे ऐका, २०२१ मध्ये गप्पा कधी संपतात यावर एक संशोधन आलं, त्यात दोघांनाही हव्या त्या वेळी संपलेल्या गप्पा जेमतेम २ टक्के निघाल्या. म्हणजे जगात कुणालाच हे नीट जमत नाही, कुणी अडकलेलं असतं, कुणाला अजून बोलायचं असतं. त्यामुळे परफेक्ट शेवट शोधू नका.

मी काय करते, निघायच्या आधी त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट परत म्हणते आणि मग कारण देते. "ते वर्षअखेरचं भारीच होतं, चला, मी जरा पाणी घेऊन येते." कारण खरं असावं आणि छोटं असावं. पाणी म्हणालात तर पाण्याकडेच जा, दारात उभं राहून फोन बघू नका, दिसतं ते. आणि निघताना हळूहळू मागे सरकत सरकत "हां, बरोबर, हो हो" करू नका, तो माणूस बोलत बोलत तुमच्या मागे येतो, अक्षरशः येतो. वाक्य बोलायचं, मान हलवायची, वळायचं.

टेबलावर उठून जाता येत नाही, तर तिथे तिसऱ्याला आत घ्या. "तुमच्याकडेही असंच असतं का हो?" मग ते दोघं बोलतात आणि तुम्ही जेवा.

मुखदुर्बळ

तिसऱ्याला आत घ्यायचं!! हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

रूम पार्टनरचं काय पण? तिथे ना पाणी आणायला जाता येत ना तिसरा असतो.

खडूस_आजोबा

त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाक की मी जरा कमी बोलतो, राग मानू नका. आणि लाइट किती वाजता बंद करायचा, गजर किती वाजताचा, घोरता का, एवढं विचारून घे. मी बाहेरगावच्या ड्युटीला कायम हेच करायचो. पुढे तो बोलका निघाला तर तो बोलेल, नाहीतर दोघं झोपाल.

मुखदुर्बळ

आजोबा, हे लिहून घेतलं. ड्राफ्टमधला मेल अजून डिलीट केलेला नाही, पण ट्रेनिंगचा फॉर्म आत्ता भरून पाठवला.

मधली_सीट

फॉर्म भरलात ना, मग आता त्यातल्या "काही विशेष सूचना" या रकान्यात काही खरडलं नाहीत ना? आमच्याकडे लोक तिथेच सगळं मन मोकळं करतात.